निविदेतला कायदा

तंत्रज्ञानाचे नियम कोणी करावेत, हा वाद आपल्याकडे दोन ठरावीक वाक्यांत आटोपतो. एक बाजू म्हणते, विषय किचकट आहे, आमदार-खासदारांना त्यातले काय कळणार? तज्ज्ञांच्या आयोगावर सोपवा. दुसरी म्हणते, आयोगाला निवडून कोणी दिले? लोकांच्या घरात काय बसवायचे ते लोकांचे प्रतिनिधीच ठरवतील. दोन्ही वाक्ये टाळ्या घेतात आणि दोन्ही उथळ आहेत. नियम या दोघांपैकी कोणीतरी करतो, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. नाशिककरांच्या भिंतीवर आणि चौकातल्या खांबावर गेल्या दहा वर्षांत जे तंत्रज्ञान आले, त्याचे कळीचे नियम ना सभागृहात चर्चा होऊन ठरले, ना आयोगापुढच्या सुनावणीत. ते अधिसूचना, योजना आणि कंत्राट यांच्या साखळीत कुठेतरी ठरले, आणि लोकांपर्यंत पोचले तेव्हा निविदा निघून गेलेली होती.

माझे म्हणणे असे. सक्ती करायची का, नकार देण्याचा हक्क कोणाला, खर्च कोणाच्या माथी आणि माहिती कोणाच्या हाती, हे चार प्रश्न निवडून आलेल्या सभागृहाने स्वतः, कायद्याच्या कलमात लिहून सोडवले पाहिजेत. ते दुसऱ्याला सोपवता येणारे काम नाही. त्यापुढचे मोजमाप, मानके, दर, चाचण्या आणि वेळोवेळची दुरुस्ती नियामक आयोगाने करावी. मात्र सुनावणी घेऊन आणि कारणे लिहून. आणि या दोन्ही पायऱ्या झाल्याशिवाय निविदा निघता कामा नये. तिसरी अट ऐकायला कारकुनी वाटते. पण सगळा घोळ तिथेच होतो.

१. मीटर बदलायचे कोणी ठरवले?

स्मार्ट मीटरचे उदाहरण घेऊ. त्यावर प्रत्येक सोसायटीत मत आहे, पण ते कोणाच्या निर्णयाने आले हे विचारले तर कोणी महावितरणचे नाव घेते, कोणी राज्य सरकारचे, कोणी केंद्राचे. उत्तर इतके पसरट असावे, हीच पहिली खूण आहे.

वीज कायदा संसदेने २००३ मध्ये केला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे अचूक मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही आणि तो मीटर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनुसार असावा लागतो. कलम ४७ मध्ये अनामतीची तरतूद आहे. त्यात म्हटले आहे की प्रीपेड मीटरवर वीज घेण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. म्हणजे संसदेपुढे जो ग्राहक होता, त्याला निवड होती. नंतर बिल भरायचे तर अनामत ठेवा. आधी पैसे भरायचे तर ठेवू नका.

डिसेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने आपले विनियम बदलले आणि नवे मीटर प्रीपेमेंटची सोय असलेले स्मार्ट मीटरच असावेत असे ठरवले. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर हा तिचा कणा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयाच्या अधिसूचनेने शेतीपंप सोडून बाकीच्यांसाठी मार्च २०२५ ही अखेरची मुदत घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विनियम पुन्हा बदलले: जिथे संदेशवहनाचे जाळे आहे, तिथे ग्राहकाला प्रीपेड पद्धतीने चालणाऱ्या स्मार्ट मीटरमधूनच वीज द्यायची. २०२३ मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे दिली. नाशिक आणि जळगाव परिमंडळांचे काम एनसीसी या कंपनीकडे गेले. राज्यातली एकूण रक्कम सुमारे २७ हजार कोटी, म्हणजे देखभालीसह मीटरमागे सरासरी बारा हजार रुपये. केंद्राचे अनुदान मीटरमागे १५ टक्के, पण जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेल्या अकरा हजारांचे काय? ग्राहकाकडून ते रोख मागितले जाणार नाहीत, असे सांगितले गेले. खरे आहे. पण वितरण कंपनीचा खर्च आज ना उद्या वीजदरातच उतरतो; तिला दुसरे उत्पन्न कुठून असणार?

या साखळीत एकदाही संसदेने मतदान करून असे म्हटले नाही की ग्राहकाची निवड आम्ही काढून घेत आहोत. ते काम एका तांत्रिक प्राधिकरणाच्या विनियमाने परस्पर झाले. मीटरची अचूकता किती असावी, तो छेडछाड कशी ओळखेल, संदेश कोणत्या पद्धतीने पाठवेल, हे प्राधिकरणाचेच काम आहे. पण वीज आधी वापरून मग पैसे द्यायचे की आधी पैसे भरून मग वापरायची, यात अभियांत्रिकी कणभरही नाही. तो ग्राहक आणि कंपनी यांच्यातल्या उधारीचा प्रश्न आहे. पैसे संपले की रात्री दिवे जातील की सकाळपर्यंत थांबतील, घरात आजारी माणूस असेल तर काय, याचा निर्णय अभियंत्याच्या पदवीने होत नाही.

शिवाय हे प्राधिकरण स्वतंत्र नियामकही नाही. त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमते आणि धोरणाच्या बाबतीत सरकारचे निर्देश त्याला मार्गदर्शक असतात. त्यामुळे 'तज्ज्ञांनी ठरवले' हे म्हणणेही अर्धेच खरे. मंत्रालयाला हवे ते तज्ज्ञांच्या लेटरहेडवर आले, इतकेच. कायद्याच्या कलम १७९ प्रमाणे असे विनियम संसदेपुढे तीस दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. कागदावर लोकशाही शाबूत आहे. पटलावर ठेवलेल्या गठ्ठ्यातला तो एक कागद उचलून कोणी वाचावा, अशी व्यवस्था मात्र नाही.

२. माघारही तशीच

लोकसभा निवडणुकीनंतर, जून २०२४ मध्ये, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निवडून आलेल्यांनी निवडून न आलेल्यांना वेसण घातली, असाही अर्थ काहींनी लावला.

मला तो अर्थ पटत नाही. विनियम जिथे होता तिथेच राहिला. कंत्राटेही कायम राहिली. बदलले ते मंत्र्यांचे एक निवेदन, आणि निवेदन म्हणजे कायदा नव्हे. म्हणून पुढे तेच स्मार्ट मीटर नंतर बिल भरण्याच्या पद्धतीने, टीओडी (वापराची वेळ नोंदणारे) मीटर म्हणून दारात आले, तेव्हा नकार देणाऱ्या ग्राहकाच्या हाती वर्तमानपत्राचे कात्रण होते आणि मीटर बसवायला आलेल्या माणसाच्या हाती कार्यादेश. या झटापटीत कोण जिंकणार हे सांगायला नको. त्यातच १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू झाली, पण ती टीओडी मीटर असलेल्यालाच. सवलत योग्य आहे. दिवसा सौरवीज मुबलक आणि स्वस्त असते, ती तेव्हाच वापरली जावी हे शहाणपणाचे धोरण आहे. पण त्यामुळे मीटर नाकारण्याला किंमत लागली. नकार देता येतो का, आणि दिला तर त्याची वाजवी किंमत किती, हे सांगणारे एक कलम कुठल्याही सभागृहाने केले नाही. सक्ती आली ती कायद्यावाचून आणि गेली तीही कायद्यावाचून. ज्या सुटकेला कलमाचा आधार नाही, ती पुढच्या निवेदनापर्यंतच टिकते.

३. सभागृहावर भाबडा भरवसा नको

इथे कोणी म्हणेल, मग सगळेच विधिमंडळाकडे द्या. महाराष्ट्राला हा सल्ला देण्याआधी दाभोळ आठवावे.

एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळाचा खरेदी करार ८ डिसेंबर १९९३ रोजी झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. काही महिन्यांत त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, कारण डॉलरशी बांधलेला दर परवडेना. माधव गोडबोले समितीने त्या साली या कराराची जी चिरफाड केली, ती आजही वाचण्यासारखी आहे. करार करणारे सरकार निवडून आलेले होते, मोडणारेही निवडून आलेले होते, आणि पुन्हा जोडणारेही तेच. लोकमताची कमतरता कुठेच नव्हती. कमतरता होती ती सही करण्याआधी आकडे चव्हाट्यावर मांडायला लावणाऱ्या कोणाची तरी. विजेची मागणी एवढी वाढेल हे कशावरून, दराचे सूत्र काय, धोका कोणाचा, हे उलटतपासणीत विचारले गेले असते तर सहीसाठी उचललेला हात थबकला असता. राज्याचा वीज नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. दाभोळला त्याचा उपयोग व्हायला फार उशीर झालेला होता.

सभागृहे तंत्रज्ञानाला हात घालतात तेव्हा घाई किती करतात, याचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांसाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियम करून स्वनियमन संस्थांची कल्पना मांडली. त्या संस्था उभ्याच राहिल्या नाहीत. मग २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने, २१ तारखेला राज्यसभेने गदारोळात बंदीचा कायदा संमत केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. (त्याच्या महिनाभर आधी आपल्याच विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याचा आरोप गाजला होता, त्यांनी तो नाकारला. सभागृहाला विषयाची ओळख नव्हती, असे तरी म्हणता येणार नाही.) बंदी बरोबर की चूक हा स्वतंत्र वाद आहे. पण जो प्रश्न दोन वर्षे नियमांत भिजत पडला, तो तीन दिवसांत निकालात काढला गेला आणि दोन्ही वेळा समितीपुढे साक्षी-पुरावे झाले नाहीत.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची कथा याहून बोलकी. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. संयुक्त संसदीय समितीने दोन वर्षे बसून ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयकच मागे घेण्यात आले. वर्षभराने नवे, आटोपशीर विधेयक आले आणि ते ७ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत, ९ तारखेला राज्यसभेत संमत झाले. आटोपशीर अशासाठी की बऱ्याच गोष्टी सरकार पुढे नियम करून ठरवेल, असे त्यात जागोजाग म्हटले आहे. ते नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच दिल्ली कायद्यांच्या संदर्भात सांगून ठेवले आहे की कायद्याचे मूळ धोरण ठरवण्याचे काम विधिमंडळाला दुसऱ्याला देता येत नाही. सभागृहाने नाव ठेवायचे आणि मजकूर खात्याने भरायचा, याला कायदा करणे म्हणता येईल का?

४. आयोगाची खरी ताकद

मग आयोगाचे श्रेय कशात आहे? तज्ज्ञतेत आहे असे मी म्हणणार नाही. तज्ज्ञ खात्यातही असतात आणि कंत्राटदाराकडेही असतात, बहुधा अधिक पगारावर. आयोगाची ताकद त्याच्या रीतीत आहे. वीज कंपनीला याचिका प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते, आणि आयोगाला आदेशात कारणे लिहावी लागतात. त्या कारणांवर अपिलेट न्यायाधिकरणात दाद मागता येते. या सुनावण्या पूर्वी नाशिकमध्येही झाल्या आहेत. तिथे अंबड-सातपूरच्या कारखानदारापासून द्राक्षबागाईतदारापर्यंत कोणीही उठून विचारू शकतो की गळतीचा हा आकडा आला कुठून. हा प्रश्न मंत्रालयात विचारायला ओळख लागते.

ही रीत मोडते तेव्हा आयोगही मोडतो. राज्याच्या आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी दर कमी करणारा आदेश दिला. महावितरणने फेरविचार मागितला, आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला बदललेला आदेश आला. फेरविचारात आम्हाला पूर्वीसारखी जाहीर सुनावणी मिळाली नाही, अशी उद्योजकांची आणि ग्राहक संघटनांची तक्रार होती. ती अगदी रास्त होती. पण तक्रार करता आली ती दोन्ही आदेश लेखी, तारीखवार आणि कारणांसह समोर होते म्हणून. मंत्र्यांच्या निवेदनावर अपील कुठे करणार?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने चार महिन्यांच्या आत दोन नियम केले. कॉल तुटल्यास ग्राहकाला भरपाई देण्याचा, ऑक्टोबर २०१५ मध्ये. आणि इंटरनेटवर काही संकेतस्थळे फुकट, बाकीची पैसे देऊन अशा भेदभावाला मनाई करणारा, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी. दुसऱ्याआधी देशभर लाखो लोकांनी मते कळवली होती. तो नियम टिकला आणि एका बलाढ्य परदेशी कंपनीला आपली मोफत योजना गुंडाळावी लागली. पहिला ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि त्याच निकालात संसदेला सुचवले की नियम करणाऱ्या सर्व संस्थांनी मसुदा प्रसिद्ध करावा, हरकती ऐकाव्यात आणि उत्तरे द्यावीत असा सर्वसाधारण कायदा करा. तो कायदा झालेला नाही. माझ्या मते तंत्रज्ञानाच्या नियमांबाबत गेल्या दशकातली सर्वांत मोलाची सूचना हीच होती, आणि तिच्यावर एखाद्या पक्षाने जाहीरनाम्यात ओळ खर्च केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

५. रेषा आधीच आखलेली आहे

ही विभागणी मी कल्पनेतून काढलेली नाही. वीज कायद्याच्या कलम ६५ मध्ये ती सांगितलेली आहे. दर ठरवणे हे आयोगाचे काम. एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यावी असे राज्य सरकारला वाटले तर ते देऊ शकते, पण अनुदानाची रक्कम आगाऊ भरून. मालेगावच्या यंत्रमागाला सवलत द्यायची की नाही, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत करायची की नाही, हा राजकीय निर्णय आहे, तो आमदारांनीच घ्यावा, आणि त्याची किंमत अर्थसंकल्पात दिसावी. युनिटचा खरा खर्च किती, हे मात्र मतदानाने ठरवायचे नाही. सरकारे अनुदानाचे पैसे वेळेवर देत नाहीत ही तक्रार जुनी आहे. पण कोणी कोणाचे किती देणे लागतो हे तरी कळते.

दुसऱ्या टोकाला द्राक्षे आहेत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेले लिहोसिन, याचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि नाशिक जिल्ह्याने तो हंगाम रडत काढला. कोणत्या औषधाचा अंश किती चालेल, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, याच्या याद्या अपेडा आणि मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र सतत सुधारत असतात. हे काम विधानसभेने करावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. इथे मूल्यांचा झगडा नाही. विष नको यावर सगळ्यांचे एकमत आहे, वाद फक्त दशांश चिन्हानंतरच्या आकड्याचा आहे. उद्दिष्टावर एकमत असून फक्त आकडा ठरवायचा असेल, तर निर्णय निःशंक आयोगाकडे जावा. उद्दिष्टावरच दुमत असेल तर त्याला आकड्याचा मुखवटा चढवून आयोगाकडे पाठवणे, ही राजकीय पळवाट आहे.

अमेरिकेतल्या वादाचे पडसाद अलीकडे आपल्याकडेही उमटतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी, कायदा संदिग्ध असेल तर संबंधित संस्थेचा अर्थ मानावा हे १९८४ पासूनचे तत्त्व मोडीत काढले. त्यावरून आपल्याकडच्या आयोगांचेही पंख छाटा म्हणणाऱ्यांनी रोगनिदान तपासावे. तिथे तक्रार आहे की संस्था फार मोकाट झाल्या. इथे त्या पुरेशा मोकळ्याच नाहीत. खात्याचीच इच्छा नियामकाच्या शिक्क्याने बाहेर पडते.

६. सिंहस्थाचे कॅमेरे

मीटरच्या बाबतीत निदान एक कायदा आणि एक आयोग होता. २०२७ च्या सिंहस्थात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे लावण्याची चर्चा आहे, तिथे यातले काहीच नाही.

गर्दीवर नजर ठेवायला माझा विरोध नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ते ज्याने पाहिले तो गर्दी मोजू नका असे म्हणणार नाही. पण मोजणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. २०१५ च्या कुंभात पायाखालच्या मॅटवर पडणाऱ्या पावलांवरून माणसे मोजण्याचा प्रयोग नाशिकमध्येच झाला होता. त्यात कोणाचाही चेहरा लागत नव्हता. अमुक घाटावर किती माणसे आहेत हे कळले की प्रवाह वळवता येतो. ती माणसे कोण, हे कळून पूल रुंद होत नाही. हरवलेला म्हातारा किंवा मूल शोधण्यासाठी चेहरा ओळखणारी यंत्रणा उपयोगी पडेल, हे मान्य. तेवढ्यासाठी ती वापरायची आणि बाकी कशासाठी नाही, असे लिहिलेले कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे त्या निकालातून निघते. यातली पहिलीच अट कायद्याची आहे. निविदेची अट ही कायद्याची अट नव्हे. माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा इथे पुरा पडत नाही, कारण सरकारी संस्थांना अधिसूचनेने त्यातून वगळण्याची सोय त्याच्याच कलम १७ मध्ये आहे. कुंभमेळा प्राधिकरणासाठी राज्याने २०२५ मध्ये कायदा केला, पण त्याचा भर कामे, निधी आणि समन्वय यांवर आहे. चेहऱ्यांच्या नोंदींबद्दल बोलणारा तो कायदा नाही.

आणि स्थानिक पातळीवर विचारणार तरी कोण होते? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. स्मार्ट सिटीची कामे तर २०१६ पासूनच कंपनीच्या ताब्यात. चित्रीकरण किती दिवस ठेवायचे, ते कोण पाहू शकतो, यंत्राने चुकीचा माणूस ओळखला तर जबाबदार कोण, मेळा संपल्यावर साठ्याचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे कायद्यात नसली की ती कंत्राटाच्या परिशिष्टात असतात, किंवा कुठेच नसतात. परिशिष्ट वाचायला माहितीचा अधिकार वापरावा लागतो आणि व्यावसायिक गोपनीयतेचे उत्तर येण्याची शक्यता दांडगी.

७. चार आक्षेप

कायदा संथ असतो, तंत्रज्ञान धावते. हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा. मी सभागृहाकडे जे चार प्रश्न देतो ते दर तिमाहीला बदलत नाहीत. सक्ती, नकार, खर्च आणि माहिती हे प्रश्न दुचाकी टॅक्सीच्या ॲपला लागू होतात तसे उद्याच्या कुठल्याही यंत्राला होतील. बदलतात ती मानके, आणि ती मी आयोगाकडे ठेवलीच आहेत.

आमदारांना तंत्रज्ञान कळत नाही. नसेल कळत. मीटरमधल्या संदेशवहनाची वारंवारता त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. रोजंदारीवरच्या माणसाला आधी पैसे भरणे जमेल का, हे त्यांना कुठल्याही सल्लागार कंपनीपेक्षा चांगले कळते. त्यांच्या कार्यालयात रोज सकाळी तेच लोक बसलेले असतात. उणीव आहे ती साधनांची. समित्यांना संशोधक नाहीत, अधिवेशने लहान आहेत आणि दुय्यम विधाने तपासणाऱ्या समितीचे काम बातमीत येत नाही म्हणून तिथे कोणाला रस नाही. ही उणीव भरून काढता येते. ती आहे म्हणून हक्कच सोडून देणे हा उपाय नव्हे.

आयोग म्हणजे निवृत्तांची सोय. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. राज्य आयोगाचे सदस्य निवडणाऱ्या समितीत उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष असतात. या बंद खोलीत लोकांचा प्रतिनिधी कोणी नसतो. निवड झालेल्या व्यक्तीने सूत्रे घेण्याआधी विधिमंडळाच्या समितीपुढे जाहीरपणे प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि दरवर्षी आयोगाच्या अहवालावर तिथेच चर्चा व्हावी, एवढी दुरुस्ती मला पुरेशी वाटते. नियुक्तीवर आमदारांचा नकाराधिकार मात्र नको. तो दिला की मग निवृत्तांऐवजी पराभूतांची सोय सुरू होईल.

वीज समवर्ती सूचीत आहे, केंद्रापुढे राज्य काय करणार? विजेपुरते हे काही अंशी खरे आहे, तरीही कलम १०८ खाली लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला लेखी निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. २०२४ च्या निवेदनाऐवजी त्याचा विचार करता आला असता. सिंहस्थाच्या बाबतीत तर ही सबबही उरत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि स्थानिक संस्था हे तिन्ही विषय राज्यसूचीत आहेत. इतकेच काय, देशांतर्गत यात्रा हाही राज्यसूचीतला सातवा विषय आहे. पाच-सहा कलमांचे विधेयक पुरेल. गर्दी मोजायला मुभा; चेहरा ओळखायचा तो हरवलेल्या व्यक्तीसाठी किंवा न्यायालयाच्या आदेशाने, आणि प्रत्येक शोधाची नोंद ठेवून; मेळा संपल्यापासून ठरावीक दिवसांत साठा नष्ट; चुकीच्या ओळखीची भरपाई कंत्राटदाराने नव्हे तर शासनाने द्यायची; सगळ्याचा अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर; आणि मेळ्यानंतर कायदा आपोआप रद्द. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. कॅमेऱ्यांचा कार्यादेश त्याआधी निघणार. विधेयकाचा क्रम त्याच्याही आधी लागतो.